यंदाचं कारण

केळी पिकवण्याच्या खोल्या वर्षातून एकदा पूर्ण रिकाम्या करून धुतल्या जात आणि त्या दिवशी घरातली सगळी माणसं एका टेबलाशी जेवत. नेम आजोबांच्या वेळचा. कामगारांना सुट्टी, दरवाजे सताड उघडे, आणि आत कोंडलेला गोडसर वास गल्लीच्या टोकापर्यंत. मालक विजार दुमडून स्वतः पाइप धरत आणि दोन्ही मुलांना खराट्याला लावत. त्यांना मालक हे नाव कामगारांनी दिलेलं. घरातली माणसं तोंडावर बाबा म्हणत आणि पाठीमागे मालकच.

जेवण झालं की शेवटच्या घडाची एक फणी ताटात यायची. प्रत्येकाने एकेक केळं घ्यायचं, सोलायचं, आणि मालकांकडे बघून मान डोलवायची. धाकट्या सुनेपाशी ताट आलं की मात्र सगळे खुर्च्या सरसावून बसायचे. ती केळं खात नसे. का खात नाही, त्याचं नवं कारण तिने दर वर्षी द्यायचं. कारण आवडलं तर मालक टेबलावर चमचा आपटून तिला पास करणार, नाही आवडलं तर तिने केळं खायचं. आजवर ती नापास झाली नव्हती.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करी, म्हणून मालक तिला चष्मेवाली म्हणत. आणि चष्मेवालीची कारणं घराबाहेरसुद्धा पोचली होती. खाताना ज्याचा आवाज होत नाही, ते पोटात चोरासारखं शिरतं, असं एका वर्षी ती म्हणाली. एकदा म्हणाली, जे खाताना दातांना कामच नाही, ते खाल्लं तर दात आळशी होऊन नोकरी सोडतील. केळं वाकडं का, असं सरळ विचारलं तरी ते सरळ उत्तर देत नाही, हेही तिचंच. आणि गेल्या वर्षी तर कहर झाला. सगळी फणी एकत्र जन्मते, एकत्र पिकते, एक डागाळलं की बाकीच्यांना डागाळायची घाई होते, आणि तरी कुणी वेगळं व्हायला तयार नाही, असं म्हणून तिने टेबलाभोवती बसलेल्या घरावरून नजर फिरवली होती. मालक इतके हसले होते की त्यांना पाणी द्यावं लागलं.

ही सगळी मजा धाकट्यामुळे सुरू झाली होती. लग्नाआधी तो तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला, तेव्हा जिन्यातच तिने त्याला सांगितलं होतं की केळं खाल्लं की माझा घसा सुजतो, लहानपणी एकदा श्वासच अडकला होता. तो म्हणाला, आत्ता नको, नंतर सांगू. वर गेल्यावर मालकांनी आपल्या हाताने निवडलेलं केळं तिच्यापुढे धरलं आणि ती नको म्हणाली. ज्या घराचं मीठसुद्धा केळ्यावर येतं, त्या घरात कुणी असं म्हटलं नव्हतं. तेव्हा धाकट्याने घाईघाईने वेळ मारून नेली. म्हणाला, बाबा, हिचं म्हणणं असं की केळ्यात बीच नसते, ज्याला पुढच्या पिढीची पर्वा नाही त्याच्याशी सोयरीक कशाला जोडायची. मालक तिच्याकडे बघून खो खो हसले. लग्न त्या हसण्यावर ठरलं. नंतर सांगू म्हटलेलं ते नंतर काही आलं नाही.

तिलाही हे आवडायला लागलं होतं, खोटं कशाला सांगा. काचा घासता घासता ती पुढच्या वर्षाचं कारण घोळवायची. सासऱ्यांचं कौतुक कुणाला नको असतं?

पण या उन्हाळ्यात शेजारच्या एका मुलीने आपल्या हातातल्या केळ्याचा घास टिल्लूच्या तोंडात घातला. टिल्लू चष्मेवालीचा मुलगा, नुकता भराभर बोलायला लागलेला. बघता बघता त्याचे ओठ सुजले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हे आईकडून आलंय, केळं अजिबात द्यायचं नाही, पुढच्या वेळी याहून वाईट होऊ शकतं. घरी येईपर्यंत सूज उतरली, म्हणून बाकी कुणाला कळलं नाही, पण औषधाची बाटली तेव्हापासून तिच्या पर्समध्ये असे. यंदा गंमत पुरे, तू बाबांना नीट सांग, असं तिने नवऱ्याला बजावलं. तो सांगतो म्हणाला. पुन्हा विचारलं तर म्हणाला, जेवताना विषय काढतो.

जेवण झालं आणि विषय निघाला नाही. ताट आलं. थोरल्या दिराने हातानेच टेबलावर ताल धरला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो केळ्याची साल अगदी मन लावून सोलत होता.

"यंदा कारण नाही," ती म्हणाली. "मला केळं सोसत नाही. घसा सुजतो, श्वास अडकतो. टिल्लूलाही तसंच होतं. डॉक्टरांनी त्याला कधीच देऊ नका म्हटलंय. जीवावर बेतू शकतं."

थोरल्याचा ताल थांबला. तिला वाटलं, झालं एकदाचं. मग थोरल्याने टाळी वाजवली. यंदा हिने डॉक्टरच साक्षीला आणला म्हणाला. मालकांच्या पोटातून हसू उसळून वर आलं. कारण नाही म्हणतच कारण द्यायचं, ही चाल त्यांना फार आवडली. त्यांनी चमचा आपटला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो हसत होता.

आणि मग तीही हसली. दर वर्षी मान लववायची तशी मानही लववली. त्यानंतर कित्येक दिवस तिला ऊठसूट आठवत राहिली ती हीच लववलेली मान, आणि दर वेळी कानापर्यंत रक्त चढत राहिलं.

*

आत्याने सुनेचं बोलणं आणि ते हसणं स्वयंपाकघरातून ऐकलं आणि तीही हसली. ती मालकांची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर भावाकडे आली, ती इथलीच झाली. या घरात तिची सत्ता चुलीपुरती, पण तिथे ती पुरती. घरातल्या प्रत्येक मुलाचा पहिला घास तिच्या हातचा असे, दुधात कुस्करलेल्या केळ्याचा. थोरला, धाकटा, थोरल्याच्या दोन्ही मुली, सगळे तिच्या बोटांवर वाढले. एकटा टिल्लू राहिला होता. कधी त्याचं पोट बिघडलेलं, कधी त्याला सर्दी, कधी तो नुकताच जेवलेला. आत्या काही दुधखुळी नव्हती. सुनेला आपल्या हातचं चालत नाही, एवढं तिने ओळखलं होतं. केळं हे निमित्त.

टिल्लू तिच्या पायात घुटमळत होता. बाहेर चमच्याचा ठणठणाट चालला होता. तिने वाटी घेतली.

थोरली सून पाण्याचा जग भरायला आली, तेव्हा वाटीत केळं कुस्करून झालं होतं. ती दारातच थांबली. आत्ताच टेबलापाशी तिने धाकट्या जावेचा चेहरा पाहिला होता, हसण्याच्या आधीचा. तो चेहरा गंमत करणाऱ्या माणसाचा नव्हता. थोरलीला हे कळलं होतं. पण इतक्या वर्षांत तिने टेबलावर काही म्हटलं आणि मालक हसले, असं एकदाही झालं नव्हतं. घर तीच चालवायची, हिशेबाला तीच, पाहुण्यांना तीच, आणि कौतुक मात्र चष्मेवालीचं. खाऊ दे, असं तिच्या मनात आलं. खाऊ दे, काही होणार नाही, आणि नखरे उघडे पडतील. जग भरून ती बाहेर गेली.

हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही.

*

मालक खुर्चीत डुलकी काढत होते, तेव्हा आत्याची हाक ऐकू आली. हाक नव्हतीच ती, नुसता आवाज होता. टिल्लू तिच्या कडेवर होता आणि त्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. डोळ्यांच्या नुसत्या फटी उरलेल्या. श्वास घेताना घशातून शीळ निघत होती. चष्मेवाली कशी उठली, पर्स कशी उघडली, औषध त्याच्या ओठांत कसं घातलं, हे कुणालाच नीट दिसलं नाही. ती कुणावर ओरडली नाही. थोरल्याने मालाची गाडी काढली, कारण तीच फाटकासमोर उभी होती. तिच्या मागच्या फळ्यांवर अजून केळीची पानं पसरलेली, म्हणून सगळे पुढच्याच बाकावर एकमेकांना चिकटून बसले. आत्याला कुणी गाडीत घेतलं नाही. थोरलीही घरीच राहिली. मुलींपाशी कुणीतरी हवं, म्हणाली.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नाकाला नळी लावली, आणि बऱ्याच वेळाने ती शीळ थांबली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग विचारलं, घरात हे माहीत नव्हतं का?

व्हरांड्यात भिंतीला टेकून सगळे उभे होते. मालकांचं वय झालं होतं, पण धंद्यात त्यांना कुणी खोटं पाडलं नव्हतं आणि प्रश्न विचारल्यावर ते कधी जमिनीकडे बघत बसले नव्हते. आता बघत होते. फरशीवर एक तडा होता, त्यातून त्यांची नजर वर येईना. चष्मेवाली म्हणाली, मी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि त्या आत गेल्या.

लाज वाटली की माणूस आधी ती ठेवायला दुसऱ्याची जागा शोधतो. मालकांना ती लगेच सापडली. ते म्हणाले, आत्याला हजारदा सांगितलंय, सुनांच्या मुलांमध्ये पडू नकोस. थोरल्याने होकार भरला. आत्या कुणाचं ऐकतच नाही, तिला फार मोकळीक दिली गेली. बोलता बोलता असं ठरलं की उद्या थोरल्याने तिला गावाबाहेरच्या भाचीकडे पोचवायचं. भाचीचं घर एका खोलीचं होतं आणि आत्याशी तिचं पटत नसे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी थोडे दिवस, असं दोघंही म्हणाले.

धाकटा ऐकत होता.

चष्मेवाली त्याच्याजवळ आली. रडली नव्हती, पण चष्मा काढून हातात धरला होता, त्यामुळे तिला त्याचा चेहरा धूसरच दिसत असणार. तेच बरं, असं त्याला वाटलं आणि वाटल्याचीही लाज वाटली.

"तू सांगतोस की मी?" तिने विचारलं.

"घरी गेल्यावर," तो म्हणाला. अशाच आवाजात तो एकदा जिन्यात बोलला होता, हे त्याला तेव्हा कळलं.

*

दिवेलागणीला टिल्लूला घरी सोडलं. आईच्या खांद्यावर तो झोपला होता, ओठ अजून जाड, पण श्वास मोकळा. आत्या बाहेरच्या खोलीत दाराजवळच्या स्टुलावर बसली होती, जिथे कुणी नवखा माणूस पैसे न्यायला आला की बसवतात. घरातलं प्रत्येक केळं तिने पोत्यात भरून मागच्या अंगणात नेऊन टाकलं होतं. भांडी पुन्हा घासली होती, न लागणारीसुद्धा. थोरलीने चहा केला होता, तो कुणी घेतला नाही.

मालकांनी बहिणीला सांगितलं की उद्या थोरला तुला भाचीकडे सोडेल. आत्या बरं म्हणाली. का, कशाला, किती दिवस, काही नाही. तिचं ते बरं ऐकून थोरली खिडकीकडे वळली.

"आत्या कुठे जाणार नाही," धाकटा म्हणाला.

मालकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मला माहीत होतं, बाबा. लग्नाच्या आधीपासून. हिने मला जिन्यातच सांगितलं होतं की केळं सोसत नाही. ते बी नसण्याचं मी रचलं होतं, हिने नाही. उन्हाळ्यात टिल्लूचे ओठ सुजले, तेही तुम्हाला मी सांगितलं नाही. ती रोज मागे लागली होती. आणि आज तिने सगळ्यांसमोर खरं सांगितलं, तर मी हसलो."

"पण का?" मालकांचा आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

धाकट्याने उत्तर शोधलं, पण त्याच्यापाशी एकच होतं आणि ते इतक्या मोठ्या माणसाला शोभणारं नव्हतं.

"तुम्ही हसत होता म्हणून."

मालक खुर्चीत बसले. घरातल्या प्रत्येकाला या उत्तराचा अर्थ कळला. मालक हसले की घरात सगळं ठीक असे. थोरला त्यासाठी टाळ्या पिटे, थोरली त्यासाठी राबे, आत्या त्यासाठी रांधे. त्यांच्या हसण्याच्या आड येईल असं काही या घरात कुणी मोठ्याने बोलत नसे, आणि हे मालकांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण सांगणार कसं?

"सुनेने सांगितलं, पोराच्या जीवावर बेतेल," मालक म्हणाले, अगदी हळू. "आणि मी तिला पास केलं."

थोरल्याने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. धाकटा आत्यापाशी जाऊन म्हणाला, आत्या, चूक माझी, मी आधीच तोंड उघडलं असतं तर तुझ्यावर ही वेळ आली नसती.

आत्याने मान हलवली.

"सांगितलं असतंस तरी मी दिलं असतं," ती म्हणाली. "मला खोटंच वाटलं असतं. हिला माझ्या हातचं नको, म्हणून काहीतरी सांगते, असंच मी धरून चालले होते. आज तिचं बोलणं मी आतून ऐकलं. ऐकून वाटी घेतली. तेव्हा मला सोडवू नकोस."

बोलताना ती सुनेकडे बघत नव्हती. चष्मेवालीच्या मनात खूप काही साठलं होतं. दवाखान्यात बसून तिने आत्याला काय काय सुनवायचं ते जुळवलं होतं, एकेक शब्द पारखून. पण समोर स्टुलावर बसलेली ही बाई तिने मनात धरलेली आत्या नव्हती. आणि स्वतःचंही तिला आठवत होतं. इतकी वर्षं हसत हसत तिने या लोकांना शिकवलं होतं की माझं म्हणणं खरं मानायचं नसतं. लोकांनी ते शिकून घेतलं, यात त्यांचं एकट्यांचं काय चुकलं?

आवाजाने टिल्लू जागा झाला. त्याने मान वर केली, खोलीभर पाहिलं, आणि रोज उठल्यावर जे करायचा तेच केलं. आत्याकडे दोन्ही हात पसरले.

आत्याचे हात आपोआप वर आले आणि अर्ध्यात थांबले. तिने ते परत मांडीवर ठेवले. या घरातली मुलं तिने न विचारता उचलली होती, न विचारता भरवली होती, रडली तर आयांच्या मांडीवरून काढून नेली होती.

"घेऊ का?" तिने सुनेला विचारलं.

घ्या की, विचारताय काय, असं चष्मेवालीच्या अगदी ओठांवर आलं होतं. सोबत एखादं हलकंफुलकं वाक्यही तयार होतं, म्हणजे सगळ्यांना हायसं वाटलं असतं. पण आत्याने दुपारभर केळी उचलली होती.

"आधी हात धुऊन या," ती म्हणाली. "साबणाने. कोपरापर्यंत."

आईच्या वयाच्या बाईला असं सांगताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिची नजर वर होईना. तरी सांगितलेलं तिने मागे घेतलं नाही आणि पुढे काही जोडलंही नाही. आत्या उठली, आत गेली. नळाचा आवाज सुरू झाला आणि बराच वेळ थांबेना. टिल्लू हात पसरून तसाच वाट बघत राहिला.

मालकांनी आपले हात दिव्याकडे धरून पाहिले. नखांच्या कडांना चीक बसून काळे झालेले, जन्मभराच्या धंद्याचे हात. मग ते उठले, सदऱ्याच्या बाह्या वर सरकवल्या, आणि नळापाशी बहिणीच्या मागे जाऊन उभे राहिले.